घरातल्या गोळ्या : नाव, ताकद, माणूस आणि तारीख

नरडाण्यातल्या आणि आसपासच्या गावांतल्या श्रोत्यांसमोर आज आपण जो विषय घेतोय, तो दवाखान्यात किंवा मेडिकलमध्ये घडणाऱ्या गोष्टींचा नाही. डॉक्टरांनी चिठ्ठी लिहिली, मेडिकलवाल्यानं गोळ्या दिल्या, पिशवी घरी आली. त्यानंतर काय होतं, एवढाच आपला विषय आहे. डॉक्टर आपल्यासोबत पाच-दहा मिनिटं असतात. गोळ्यांची पिशवी मात्र महिनाभर आपल्या घरात असते, आणि ती सांभाळतं कोण? आई, सून, एखादा नातू, नाहीतर आजारी माणूस स्वतःच.

सार आम्ही सुरुवातीलाच सांगून टाकतो. प्रत्येक गोळीसोबत चार गोष्टी टिकल्या पाहिजेत : तिचं नाव, तिची ताकद म्हणजे किती मिलिग्रॅम, ती घरातल्या कोणाची, आणि ती कधीपर्यंत चालते. यातलं एक जरी सुटलं, तर आपल्या हातात राहते ती फक्त एक रंगीत गोळी. घरात औषधांचे जे घोटाळे होतात, त्यांत पुष्कळदा या चारपैकी काहीतरी सुटलेलं असतं. ते कसं सुटतं आणि कसं सुटू द्यायचं नाही, हे आता क्रमानं पाहू.

एकच औषध, नावं दोन

औषधाला दोन नावं असतात. एक कंपनीनं ठेवलेलं, म्हणजे ब्रँडचं. दुसरं औषधाचं मूळ नाव. टेल्मा आणि टेल्मिकाइंड ही दोन कंपन्यांची दोन नावं, पण आतलं औषध एकच : टेल्मिसार्टन, रक्तदाबाचं. क्रोसिन, कॅल्पॉल आणि डोलो ही नावं वेगवेगळी, पण तापासाठी आपण जी साधी गोळी घेतो तिच्यात औषध पॅरासिटामॉलच. सर्दीच्या पुष्कळ गोळ्यांतही पॅरासिटामॉल असतं. म्हणून तापाची एक, सर्दीची एक आणि अंगदुखीची एक अशा तीन गोळ्या घेतल्या, की तेच औषध तिप्पट पोटात जाऊ शकतं. मोठ्या माणसाला दिवसभरात ४ ग्रॅमच्या वर पॅरासिटामॉल गेलं, तर यकृताला धोका असतो. दारू पिणाऱ्याला आणि यकृत आधीच खराब असलेल्याला तो धोका त्याहून कमी मात्रेतही असतो.

आता आपल्या भागाची परिस्थिती बघा. नरडाण्याहून महामार्गानं एकीकडे सोनगीर, धुळे, दुसरीकडे शिरपूर. रेल्वेनं थेट सुरत. पुष्कळ घरांतलं कोणी ना कोणी सुरतेत उधना, लिंबायतकडे राहतं. आजोबांना कधी गावातल्या डॉक्टरांना दाखवतात, कधी धुळ्याला नेतात, आणि मुलाकडे गेले की सुरतेत तपासणी होते. तीन ठिकाणच्या तीन चिठ्ठ्या होतात. सुरतेच्या डॉक्टरांना धुळ्याची चिठ्ठी माहीत नसते. जुन्या गोळ्या संपलेल्या नाहीत म्हणून त्या चालू राहतात, आणि नव्या आल्या म्हणून त्याही चालू होतात.

यात काय होऊ शकतं, ते एका उदाहरणानं पाहू. साखरेसाठी गावी 'ग्लायकोमेट जीपी' चालू आहे. दुसऱ्या गावच्या डॉक्टरांनी 'अमॅरिल' लिहून दिली. दोन्ही पाकिटांवरची मोठी नावं एकमेकांशी कुठेच जुळत नाहीत. पण ग्लायकोमेट जीपीमध्ये मेटफॉर्मिनसोबत ग्लिमेपिराइड असतं, आणि अमॅरिल म्हणजे ग्लिमेपिराइडच. दोन्ही घेतल्या की साखर उतरवणारं एकच औषध दुप्पट झालं. त्यात त्या दिवशी एकादशी असली किंवा जेवण कमी झालं, तर साखर धोक्याच्या खाली जाते. आधी घाम येतो, हात थरथरतात, माणूस काहीबाही बोलतो, मग गुंगी येते. पहाटे असं झालं, तर घरच्यांना वाटतं की म्हातारा माणूस आहे, गाढ झोपलाय.

अशा वेळी माणूस शुद्धीवर असेल आणि गिळू शकत असेल, तर लगेच साखर, गूळ किंवा साखरेचं पाणी द्यायचं. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, १०८ ला फोन करायचा. आणखी एक लक्षात ठेवा : ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्यांचा परिणाम बराच वेळ टिकतो. गूळ खाऊन बरं वाटलं तरी साखर पुन्हा उतरू शकते, म्हणून दवाखाना टाळायचा नाही.

मूळ नाव शोधणं अवघड नाही. ब्रँडच्या नावापेक्षा मूळ नाव ठळक असावं, असा नियम आपल्या देशात २०१८ साली आला. जनऔषधी केंद्रातल्या गोळ्यांवर तर मूळ नावच असतं. तिथली गोळी स्वस्त म्हणून कमजोर, असं समजू नका. फक्त ती आणल्यावर जुन्या ब्रँडचं पाकीट सोबत चालू ठेवायचं नाही, नाहीतर पुन्हा तोच दुहेरी डोस. नवी चिठ्ठी मिळाली की दवाखान्यातून उठण्याआधी एवढंच विचारायचं : "डॉक्टर, ही जुन्या गोळीच्या ऐवजी घ्यायची की जुनीसोबत?" उत्तर चिठ्ठीवरच लिहून मागा.

रंगावर विसंबू नका

"लाल गोयी सकायले, पांढरी रातले." आपल्या अहिराणीत गोळ्यांची ओळख अशीच सांगतात. ज्यांना इंग्रजी वाचता येत नाही, त्यांचा यात काही दोष नाही. पाकिटावर आपल्या भाषेतलं अक्षर क्वचितच असतं. पण रंग कंपनी ठरवते, औषध नाही. मेडिकलमध्ये नेहमीची कंपनी नसली आणि दुसऱ्या कंपनीची गोळी मिळाली, की तीच गोळी पांढरीची गुलाबी होते. आणि कधी दोन अगदी वेगळी औषधं सारख्याच पांढऱ्या, गोल गोळ्यांत येतात.

यावर सोपा उपाय म्हणजे एक जाड पेन. गोळ्या घरी आल्या, की वाचता येणाऱ्या माणसानं प्रत्येक खोक्यावर मराठीत मोठ्या अक्षरात लिहायचं : कोणाची, कशासाठी, कधी. 'आजी, बी.पी., सकाळी एक.' वाचताच येत नसेल तर सकाळसाठी सूर्य आणि रात्रीसाठी चंद्र काढायचा. ही खूण खोक्यावर करायची, पाकिटावरच्या नावावर नाही. नाव आणि तारीख झाकली जाता कामा नये.

आता कापलेल्या पाकिटाबद्दल. आपण पाच गोळ्या मागतो, मेडिकलवाला पाकीट कात्रीनं कापून देतो. तारीख आणि बॅच क्रमांक पुष्कळदा पाकिटाच्या एकाच टोकाला छापलेला असतो. ते टोक दुकानात राहिलं, की घरी येतात त्या बिनतारखेच्या गोळ्या. म्हणून पाकीट कापण्याआधी मोबाइलमध्ये दोन्ही बाजूंचा फोटो काढायचा आणि बिल घ्यायचं. घरीही गोळी फोडताना तारखेचं टोक शेवटपर्यंत ठेवायचं.

गोळ्या काढून एका डबीत एकत्र ठेवण्याची पद्धत मात्र सोडून द्या. टेल्मिसार्टनसारख्या काही गोळ्या हवेतली ओल ओढून घेतात. त्या खायच्या वेळीच फोडायच्या असतात. थायरॉइडच्या गोळ्या बाटलीत येतात, त्या त्याच बाटलीत राहू द्या.

रोजची की आठवड्याची?

संधिवातासाठी डॉक्टर कधी मेथोट्रेक्सेट देतात. संधिवातासाठी ही गोळी आठवड्यातून एकदा घ्यायची असते. घरात बाकीच्या सगळ्या गोळ्या रोजच्या, म्हणून हीसुद्धा रोज घेतली, तर तोंड सोलतं, रक्तातल्या पेशी घटतात आणि जीवही जाऊ शकतो. ही चूक जगभर झालेली आहे. अशी गोळी घरात असेल, तर खोक्यावर वाराचं नाव लिहा. 'फक्त सोमवारी' असं, आणि तीही इतर गोळ्यांपासून वेगळी ठेवा.

दुसरी गोष्ट, गोळी कुटून देण्याची. म्हाताऱ्या माणसाला गिळता येत नाही, म्हणून आपण गोळी कुटतो आणि पाण्यात किंवा मधात देतो. पण नावापुढे एसआर, एक्सआर, ईआर अशी अक्षरं असतील, तर ती गोळी पोटात हळूहळू विरघळण्यासाठी बनवलेली असते. ती कुटली की दिवसभराचं औषध एकदम अंगात उतरतं. गिळता येत नाही हे डॉक्टरांना सांगा, ते दुसरा प्रकार देतील.

खानदेशचा उन्हाळा आणि औषध

खोक्यावर लिहिलेलं असतं : २५ किंवा ३० अंशांच्या खाली ठेवा. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यात पारा ४२-४३ च्या पुढे जातो. पत्र्याचं घर असेल तर आत त्याहून जास्त. मग करायचं काय? घरातली सगळ्यात गार, कोरडी आणि सावलीतली जागा शोधायची. पत्र्याखालची फळी नको, चुलीजवळची किंवा गॅसजवळची मांडणी नको, खिडकीत ऊन येत असेल तर ती नको, न्हाणीघराजवळची ओलसर जागाही नको. मधल्या खोलीत, मातीच्या किंवा जाड भिंतीच्या कोनाड्यात, झाकणाच्या डब्यात गोळ्या चांगल्या राहतात. मोटारसायकलच्या डिकीत किंवा उन्हात उभ्या गाडीत मात्र औषध अर्धा तासही विसरू नका.

सगळ्यात जपायचं ते इन्सुलिन. न वापरलेली बाटली २ ते ८ अंशांत, म्हणजे फ्रिजमध्ये ठेवायची, पण बर्फाच्या कप्प्यात किंवा त्याला चिकटून नाही. एकदा गोठलेलं इन्सुलिन वितळलं तरी वापरायचं नाही, ते वाया गेलं. सुरू केलेली बाटली बहुतेक प्रकारांत साधारण चार आठवडे चालते, आणि तीही ऊन-उकाड्यापासून सांभाळली तर. बाटलीवर सुरू केल्याची तारीख लिहा.

फ्रिज नसेल, किंवा लाईट तासन् तास जात असेल, तर आपला माठ उपयोगी पडतो. मोठ्या मडक्यात लहान मडकं ठेवा, मधल्या जागेत ओली वाळू भरा, वरून ओलं फडकं टाका आणि सावलीत, वारा लागेल अशा जागी ठेवा. इन्सुलिन आतल्या मडक्यात, पाणी जाणार नाही अशा झाकणाच्या डबीत ठेवायचं. वाळूतलं पाणी वाफ होऊन जाताना मडक्याची उष्णता घेऊन जातं. आपल्या कोरड्या उन्हाळ्यात हे छान चालतं, पावसाळ्यातल्या दमट हवेत कमी. मडक्यात ८ अंश मिळणार नाहीत, म्हणून ही सोय चालू बाटलीसाठी आहे, तीन महिन्यांच्या साठ्यासाठी नाही. फ्रिज नसलेल्यांनी एका वेळी एकच बाटली आणावी. इन्सुलिन घेऊनही साखर उतरत नसेल, तर मात्रा स्वतः वाढवू नका. बाटली उकाड्यात राहिली होती का, हे आधी आठवा आणि डॉक्टरांना सांगा.

लहान मुलं, कपाशीचं औषध आणि चमचा

आपल्या बोलीत एक अडचण आहे. आजाराचं ते औषध, आणि कपाशीवर फवारायचं तेही औषधच! दोन्ही एकाच कोनाड्यात ठेवलेली असतात. उरलेलं फवारणीचं औषध कधी खोकल्याच्या रिकाम्या बाटलीत भरून ठेवलं जातं. रात्री लाईट गेलेली असते, खोकला उसळलेला असतो, हात त्या बाटलीवर पडतो. म्हणून फवारणीचं औषध घरात आणायचंच नाही. शेतावर किंवा बाहेरच्या खोलीत, कुलपात, त्याच्या मूळ डब्यातच ठेवायचं. औषधाच्या रिकाम्या बाटल्या घरात जमवायच्या नाहीत.

मुलांच्या बाबतीत उंच जागा पुरत नाही. खाटेवर चढून, डब्यावर डबा ठेवून मूल कुठेही पोहोचतं. आजीच्या उशाखालची पिशवी तर त्याच्या हाताशीच असते. कडी-कुलपाचा डबा घ्या. आणि गोळी देताना 'ही चॉकलेट आहे, खा' असं कधी सांगू नका.

मुलांच्या पातळ औषधात ताकद बघणं फार महत्त्वाचं आहे. पॅरासिटामॉलचे थेंब आणि सिरप ही दोन वेगळी औषधं समजा. थेंबांच्या १ मिलिलिटरमध्ये पुष्कळदा १०० मिलिग्रॅम औषध असतं. सिरपच्या ५ मिलिलिटरमध्ये कधी १२०, १२५, तर कधी २४० किंवा २५०. सिरपसाठी सांगितलेलं 'पाच मिलि' आपण थेंबांच्या बाटलीतून दिलं, तर मुलाला दुप्पट ते चौपट औषध जाऊ शकतं. घरातला चमचा मापाचा नसतो, एकेका घरचा चमचा वेगळा. बाटलीसोबत येणारं झाकण, पिचकारी किंवा ड्रॉपरच वापरा. कोरड्या भुकटीचं अँटिबायोटिक असेल, तर उकळून गार केलेलं पाणी खुणेपर्यंत घाला, प्रत्येक वेळी हलवा, आणि लेबलवर लिहिलेले दिवस झाले की उरलेलं टाकून द्या. हे दिवस बहुधा सातच असतात.

बाटली का जपायची

२०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्याकडची मुलं खोकल्याचं सिरप घेऊन आजारी पडली. त्यांची मूत्रपिंडं निकामी झाली. उपचारासाठी अनेकांना नागपूरला आणलं गेलं. वीसपेक्षा जास्त मुलं दगावली. ते 'कोल्ड्रिफ' नावाचं सिरप तामिळनाडूतल्या कांचीपुरमजवळच्या कारखान्यात बनलेलं होतं, आणि तपासणीत त्यात डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायन सापडलं, ४८.६ टक्के इतकं. त्यानंतर महाराष्ट्रासह अनेक राज्यांच्या औषध प्रशासनानं लोकांना सांगितलं : बॅच क्रमांक एसआर-१३ ची बाटली घरात असेल तर वापर थांबवा आणि कळवा.

आता विचार करा. ज्या घरात लेबल निघालेली बाटली होती, त्यांना ही सूचना ऐकूनही काय कळणार? विषारी औषध आपल्याला वासानं, चवीनं ओळखता येत नाही. १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात याच रसायनानं दूषित झालेल्या ग्लिसरिनमुळे १४ रुग्ण दगावले, तेव्हा मोठ्या रुग्णालयालाही ते आधी कळलं नव्हतं. औषध शुद्ध ठेवणं हे कारखान्याचं आणि सरकारचं काम आहे, आपलं नाही. आपल्या हातात एवढंच, की लेबल, बॅच क्रमांक आणि बिल औषध संपेपर्यंत जपायचं. आणि लहान मुलांना स्वतःच्या मनानं खोकल्याचं औषध द्यायचंच नाही. दोन वर्षांखालच्या मुलांना सर्दी-खोकल्याची औषधं देऊ नयेत, पाच वर्षांखालीही सहसा टाळावीत, असं केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयानं त्याच ऑक्टोबरमध्ये पुन्हा बजावलं.

मुलानं चुकून गोळ्या खाल्ल्या किंवा कोणी काही भलतंच प्यायलं, तर मिठाचं पाणी पाजू नका, बोटं घालून उलटी करवू नका. त्यानं काही वेळा जास्तच नुकसान होतं. १०८ ला फोन करा, आणि जे खाल्लं त्याचं पाकीट किंवा बाटली सोबत न्या. धुळ्याच्या शासकीय रुग्णालयातल्या डॉक्टरांनाही पहिला प्रश्न हाच पडतो : काय खाल्लं, किती, आणि कधी?

श्रोत्यांचे प्रश्न

प्रश्न : एक वेळची गोळी राहून गेली तर?
उत्तर : लवकर आठवलं तर घ्या. पुढच्या गोळीची वेळ जवळ आली असेल तर राहिलेली सोडून द्या. दोन एकदम कधीच घेऊ नका. फिट्स, इन्सुलिन किंवा रक्त पातळ करण्याचं औषध असेल, तर काय करायचं हे डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्या.

प्रश्न : शेजारच्या बाईंना सारखाच त्रास होता. त्यांच्या उरलेल्या गोळ्या घेतल्या तर?
उत्तर : नका घेऊ. पाकिटावर उभी लाल रेघ दिसते ना, तिचा अर्थच असा की हे औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घ्यायचं नाही. शेजारणीचं वय, वजन, मूत्रपिंड, बाकीच्या गोळ्या, सगळंच वेगळं असतं. आणि अँटिबायोटिक उरलंच कसं? कोर्स किती दिवसांचा हे डॉक्टरांनी ठरवलेलं असतं. बरं वाटलं म्हणून आपणच थांबवलं, तर आजार उलटू शकतो.

प्रश्न : तारीख उलटलेल्या गोळ्या कुठे टाकायच्या?
उत्तर : पाकिटावर जो महिना असतो, त्याच्या शेवटच्या दिवसापर्यंत गोळी चालते, पुढे नाही. केरळनं २०२५ मध्ये कोझिकोडपासून घरोघरची जुनी औषधं गोळा करण्याची योजना सुरू केली. आपल्याकडे गावोगावी अशी सोय नाही. आधी मेडिकलवाल्याला विचारा, तो परत घेतो का. नाही घेतलं, तर गोळ्या पाकिटातून काढा, वापरलेल्या चहापत्तीत किंवा मातीत कालवा, पिशवीत बांधून कचऱ्यात द्या आणि पाकीट फाडून टाका. विहिरीत, नाल्यात, चुलीत टाकू नका. गुरांच्या तोंडी लागेल अशा उकिरड्यावरही नाही.

प्रश्न : एवढं सगळं कोण लक्षात ठेवणार?
उत्तर : लक्षात ठेवायचं नाही, कागदावर ठेवायचं. आज घरी गेलात की सगळ्या पिशव्या खाटेवर ओता. तारीख उलटलेल्या बाजूला काढा, आणि ज्यांचं नाव वाचता येत नाही त्याही. उरलेल्यांचं मूळ नाव, मिलिग्रॅम, कोणाची आणि कधी, हे एका पानावर उतरवा. एकच मूळ नाव दोनदा आलं, तर मनानं काही बंद करू नका. पुढचा डोस घेण्याआधी डॉक्टरांना फोन करून विचारा. त्या पानाचा फोटो सुरतेच्या मुलालाही पाठवा. पुढच्या वेळी धुळे असो की सुरत, डॉक्टरांसमोर बसलात की आधी ते पान पुढे करा.